सावधगिरीचे मोजमाप : कलकत्त्यातील संप्रेरकांच्या दोन कहाण्या आणि रजोनिवृत्तीचे औषध

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक निर्णय जाहीर केला आणि वैद्यकीय जगातील एक जुना वाद पुन्हा जागा झाला. रजोनिवृत्तीनंतर घ्यावयाच्या संप्रेरक-औषधांच्या माहितीपत्रकावर २००३ पासून काळ्या चौकटीत एक गंभीर इशारा छापला जात असे. हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांची भीती त्यात नोंदलेली होती. हा इशारा बहुतांशी काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू करीत असल्याचे प्रशासनाने सांगितले. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराला होणाऱ्या कर्करोगाविषयीचा इशारा मात्र कायम ठेवण्यात आला. अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांनी निर्णयाचे स्वागत केले; काहींनी तो ज्या पद्धतीने घेतला गेला तिच्यावर आक्षेप घेतला.

बावीस वर्षांत इस्ट्रोजेनचा रेणू बदललेला नाही. मग धोका बदलला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना औषधाच्या गुणधर्मांइतकेच त्याच्याविषयीचे ज्ञान कसे जमवले जाते, कोण तपासते आणि कोणापर्यंत पोहोचते हेही पाहावे लागते. भारतात याचा सर्वांत बोलका इतिहास कलकत्त्यात घडला. १९७८ ते १९८८ या दहा वर्षांत त्या शहराने स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांशी दोन अगदी वेगळ्या रीतींनी व्यवहार केला. एका ठिकाणी काटेकोर प्रयोग नाकारला गेला. दुसऱ्या ठिकाणी बेफिकीर विक्रीला न्यायालयाचे संरक्षण मिळाले. रजोनिवृत्तीच्या औषधाबाबत जगाने पुढे जे गोंधळ अनुभवले, त्यांची दोन्ही रूपे या कहाण्यांत दिसतात.

निवृत्त बीजांडकोश आणि त्याला हाका मारणारी ग्रंथी

रजोनिवृत्ती म्हणजे बीजांडकोशांचे काम थांबणे. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. इस्ट्रोजेनची निर्मिती घटते आणि त्याचे परिणाम सर्व शरीरावर उमटतात : अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, तुटक झोप, योनिमार्गाचा कोरडेपणा आणि हळूहळू ठिसूळ होत जाणारी हाडे. काहींना हा काळ फारसा जाणवत नाही. काहींचे रोजचे जगणे वर्षानुवर्षे विस्कटून जाते.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी मात्र ही निवृत्ती मान्य करीत नाही. बीजांडकोशांना कामाला लावणारी तिची संप्रेरके एरवी इस्ट्रोजेनच्या प्रमाणावरून आवरली जातात. इस्ट्रोजेन नाहीसे झाले की हा आवर सुटतो आणि ती संप्रेरके रक्तात व लघवीत मोठ्या प्रमाणात दिसू लागतात. इटलीतील संशोधकांनी १९५० च्या दशकात याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. मठांत राहणाऱ्या रजोनिवृत्त जोगिणींच्या लघवीतून त्यांनी ही संप्रेरके वेगळी केली. त्या अर्काच्या साहाय्याने गर्भधारणा होऊन पहिले मूल १९६२ मध्ये इस्राएलमध्ये जन्मले. वृद्ध स्त्रियांच्या शरीराने टाकून दिलेला पदार्थ तरुण स्त्रियांच्या वंध्यत्वावरचे औषध ठरला.

हेच औषध कलकत्त्यातील एका प्रयोगाच्या केंद्रस्थानी होते.

मोजणारा शास्त्रज्ञ

डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १९३१ साली हजारीबाग येथे झाला. कलकत्त्यात वैद्यकीय पदवी आणि १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर ते एडिंबरोला गेले. तेथे जॉन लोरेन यांच्या प्रयोगशाळेत संप्रेरकांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतींवर काम करून त्यांनी १९६७ मध्ये दुसरी डॉक्टरेट मिळवली. लोरेन हे त्या काळी संप्रेरक-मापनातील मान्यवर नाव होते. रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की त्या वेळी ते थेट मोजणे दुरापास्त असे. म्हणून अर्क प्राण्याला टोचून त्याच्या अवयवांत होणारा बदल मोजावा आणि त्यावरून मात्रा ठरवावी, अशी रीत होती. मात्रेचा नेमका आकडा हाती आल्याखेरीज संप्रेरकाविषयी काही बोलू नये, ही त्या प्रयोगशाळेची शिस्त होती.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. इंग्लंडमधील जगातील पहिल्या परीक्षानलिका-बालिकेच्या जन्माला त्या वेळी जेमतेम दहा आठवडे झाले होते. मुखोपाध्याय यांच्यासोबत शीतसंरक्षणाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य होते. इंग्लंडमधील चमूने स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात तयार झालेले एकच बीज वापरले होते. कलकत्त्याच्या चमूने रजोनिवृत्त स्त्रियांच्या लघवीतून मिळवलेल्या संप्रेरकाने एकाहून अधिक बीजे पक्व केली, फलित झालेले भ्रूण गोठवून ठेवले आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडले.

हे गोठवणे या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. बाहेरून दिलेल्या संप्रेरकांमुळे बीजे वाढतात खरी, पण त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तराची नैसर्गिक लय बिघडू शकते. एकच पदार्थ एका अवयवाला उपकारक आणि दुसऱ्याला प्रतिकूल असेल, तर दोन्ही परिणाम काळाने वेगळे करावेत, हा त्यामागचा विचार होता. आज जगभरची वंध्यत्व-उपचार केंद्रे अनेक रुग्णांत याच क्रमाने जातात. संप्रेरक केव्हा द्यावे आणि केव्हा शरीराला मोकळे सोडावे, याचे भान या प्रयोगात १९७८ मध्येच होते.

पश्चिम बंगाल शासनाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दाव्याच्या तपासणीसाठी समिती नेमली. समितीचे प्रमुख रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. प्रजननविज्ञानाचा अनुभव समितीत नव्हता म्हणावे इतका तुटपुंजा होता. तिने दावा अविश्वसनीय ठरवला. मुखोपाध्याय यांना परदेशातील परिषदेला जाण्याची अनुमती मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत करण्यात आली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० चा चित्रपट त्यांच्याच आयुष्यावरून सुचला होता.

पुढचा दुवा मुंबईचा आहे. परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली मुलगी भारतातील पहिली परीक्षानलिका-बालिका मानली जात होती. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहून पहिलेपणाचा मान कलकत्त्याला दिला. आपल्याच संस्थेचा मान कागदपत्रांच्या आधारे दुसऱ्याला देण्याचे हे उदाहरण भारतीय विज्ञानात दुर्मीळ आहे.

औषधाच्या दुकानातील गोळी

शासकीय समिती एका शास्त्रज्ञाच्या नोंदींवर अविश्वास दाखवीत होती, त्याच वर्षांत कलकत्त्यातील आणि देशभरातील औषधांच्या दुकानांत संप्रेरकांच्या एका वेगळ्या गोळीची विक्री चालू होती. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसदृश कृत्रिम संप्रेरक यांचे ते जबर मात्रेचे मिश्रण होते. चळवळीच्या भाषेत तिला ‘ईपी’ म्हणत. पाळी चुकली की गर्भ राहिला आहे काय हे ठरवण्यासाठी ती दिली जाई. दोन दिवस गोळ्या घ्यायच्या. थांबवल्यावर काही दिवसांत रक्तस्राव झाला तर गर्भ नाही, न झाला तर आहे, असा तर्क. गर्भ नको असलेल्या अनेक स्त्रिया ती पाळी ‘आणण्यासाठी’ घेत. त्या कामी ती भरवशाची नव्हतीच.

या चाचणीतला दोष वेगळे शास्त्र न शिकताही समजतो. गर्भ असेल, तर नेमक्या ज्या आठवड्यांत त्याचे अवयव आकार घेत असतात, त्याच आठवड्यांत त्याच्यापर्यंत संप्रेरकांची मोठी मात्रा पोहोचते. लघवीच्या नमुन्यावरून गर्भनिदान करणारी प्रतिद्रव्यांवर आधारलेली चाचणी १९६० मध्येच वर्णिली गेली होती. शरीराबाहेर, काचेच्या नळीत जे कळू शकते, ते जाणण्यासाठी शरीरात संप्रेरक घालण्याचे कारण उरले नव्हते.

इशारेही मिळत होते. १९६७ मध्ये ब्रिटनमधील डॉ. इझाबेल गाल यांनी ‘नेचर’मध्ये अशा चाचणी-गोळ्या आणि जन्मजात व्यंग यांच्यातील संभाव्य संबंधाकडे लक्ष वेधले. १९७१ मध्ये बोस्टनमधून त्याहून धक्कादायक वृत्त आले. एका दुर्मीळ योनी-कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतले होते. १९३८ मध्ये तयार झालेले हे औषध गर्भपात टळावा म्हणून दिले जात असे. संप्रेरकाचा परिणाम पुढच्या पिढीत आणि पंधरा-वीस वर्षांनी दिसू शकतो, हे त्या आठ रुग्णांनी जगाला शिकवले.

भारताच्या औषध नियंत्रकांनी १९८२ मध्ये ईपी बंद करण्याचे निर्देश दिले. उत्पादक न्यायालयांत गेले आणि कलकत्ता व मुंबई उच्च न्यायालयांतून त्यांना स्थगिती मिळाली. केंद्राला अशी बंदी घालण्याचा स्पष्ट अधिकार औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्यात तोवर नव्हता. त्यासाठीचे कलम २६-अ १९८२ च्या दुरुस्तीने आले. कागदावर थांबलेली गोळी दुकानांत विकली जातच राहिली.

या काळात डॉक्टर, औषधशास्त्राचे अभ्यासक आणि स्त्री-संघटना एकत्र आल्या. पश्चिम बंगालमध्ये ड्रग अ‍ॅक्शन फोरम, महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना आणि देशपातळीवर ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क यांनी हा प्रश्न लावून धरला. डॉ. मीरा शिवा, डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या डॉक्टरांनी औषधांविषयीची वैद्यकीय माहिती सामान्य माणसाच्या भाषेत मांडली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात औषध नियंत्रकांनी महानगरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. कलकत्ता त्यांपैकी एक होते. एखाद्या औषधाच्या लाभ-हानीचा हिशेब उघड्या सभागृहात मांडला जाण्याची ही भारतातील दुर्मीळ घटना. जून १९८८ मध्ये बंदीची अधिसूचना निघाली आणि १० ऑगस्ट १९८९ च्या अधिसूचनेने तिची शब्दरचना नेमकी केली. एका गोळीत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इथिनिल इस्ट्राडिऑलइतके इस्ट्रोजेन आणि ३ मिलिग्रॅमहून अधिक नॉरएथिस्टेरॉन अ‍ॅसिटेटइतके प्रोजेस्टिन असलेली मिश्रणे तिने बंद केली, तसेच कृत्रिम इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनची सर्व मिश्र इंजेक्शनेही.

ही शब्दरचना नीट पाहण्यासारखी आहे. शासनाने संप्रेरकांवर सरसकट बंदी घातली नाही. मात्रेची रेषा आखली. त्या रेषेखालील गर्भनिरोधक गोळ्या आणि रजोनिवृत्तीची औषधे उपलब्ध राहिली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. या चाचणी-गोळ्यांमुळे व्यंग येते काय, यावर आजही एकमत नाही. ब्रिटनच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये कार्यकारण संबंधाला पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले; २०१८ मधील एका एकत्रित विश्लेषणाला संबंध आढळला. २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने मात्र अशा गोळ्या १९६७ मध्येच बाजारातून काढायला हव्या होत्या, असे मत दिले. लाभ शून्यवत्, पर्याय सुरक्षित आणि धोका संभाव्य असेल, तर निर्णयाला अंतिम सिद्धतेची वाट पाहावी लागत नाही.

उत्साहाची चाळीस वर्षे

रजोनिवृत्तीच्या औषधात प्रश्न अधिक अवघड आहे, कारण येथे लाभ खराखुरा आहे. अंगातील वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेनइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. हाडांचे रक्षणही ते करते. गाभण घोड्यांच्या लघवीतून मिळवलेले संयुग्मित इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून विकले जाऊ लागले. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांच्या गाजलेल्या पुस्तकाने रजोनिवृत्तीला उणिवेचा आजार ठरवले आणि इस्ट्रोजेनला चिरतारुण्याचे साधन. निरोगी स्त्रियांनीही ते वर्षानुवर्षे घ्यावे, असा समज पसरला.

पहिला धक्का डिसेंबर १९७५ मध्ये बसला. एकाच वैद्यकीय नियतकालिकात एकाच दिवशी प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला. कारण समजण्याजोगे होते. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालते. एकटेच इस्ट्रोजेन दिले तर लगाम नसतो. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन-वर्गातील औषध देण्याचा नियम झाला. तो आजही या उपचाराचा पहिला सुरक्षा-नियम आहे, आणि चौकटीतील नेमका हाच इशारा आजही शिल्लक ठेवला गेला आहे.

दुसरा समज हृदयाविषयी होता. संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होते. पण ती औषधे घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असत. फायदा औषधाचा की त्या आयुष्याचा, हे निरीक्षणावरून ठरत नाही. त्यासाठी नाणेफेकीसारख्या यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडावे लागतात. एकाला औषध, दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी.

हृदयरोग असलेल्या २,७६३ स्त्रियांवरील अशा चाचणीने १९९८ मध्ये दाखवले की हृदयाला संरक्षण मिळत नाही आणि रक्ताच्या गुठळ्या मात्र वाढतात. त्यानंतर ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची मोठी चाचणी आली. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त औषधाचा भाग जुलै २००२ मध्ये सरासरी ५.२ वर्षांनी मुदतीपूर्वी थांबवण्यात आला, आणि एका आठवड्यात जगाचे मत उलटले.

भीतीचे गणित

त्या वेळी वृत्तपत्रांतून आलेला आकडा होता : स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ. मूळ आकडे असे होते : निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० रुग्ण, औषध घेणाऱ्या गटात ३८. फरक आठचा. त्याच हिशेबात पक्षाघात आठने, फुप्फुसातील गुठळ्या आठने आणि हृदयविकाराच्या घटना सातने वाढल्या. मोठ्या आतड्याचे कर्करोग सहाने आणि खुब्याच्या हाडाचे अस्थिभंग पाचने घटले. एकूण मृत्यूंत फरक नव्हता.

सव्वीस टक्के आणि दहा हजारांत आठ ही एकाच निष्कर्षाची दोन रूपे आहेत. पहिले रूप तुलना सांगते, दुसरे प्रत्यक्ष आकारमान. एकच रूप वाचणारा फसतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : दहा हजारांत आठ हा आकडा वर्षाचा आहे आणि वर्षे साठत जातात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या जागतिक विश्लेषणानुसार पन्नाशीत सुरुवात करून पाच वर्षे रोज संयुक्त औषध घेतल्यास पुढील वीस वर्षांत दर ५० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचा एक अधिक रुग्ण आढळतो, एकट्या इस्ट्रोजेनबाबत हे प्रमाण दर २०० स्त्रियांमागे एक. धोका लहान आहे असे म्हणता येते. नाही असे म्हणता येत नाही.

चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही दुसरी दुर्लक्षित बाब. उपचाराची खरी गरज पन्नाशीच्या आसपास असते. साठीनंतर, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचल्यावर सुरू केलेले औषध आणि रजोनिवृत्तीलगत सुरू केलेले औषध यांचा हृदयावरील परिणाम सारखा नसतो, हे पुढील विश्लेषणांतून दिसत गेले. स्मृतिभ्रंशाचा इशाराही ६५ वर्षांवरील स्त्रियांच्या उपअभ्यासावरून आला होता. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवरील केवळ इस्ट्रोजेनचा भाग २००४ मध्ये पक्षाघात वाढल्यामुळे थांबवण्यात आला. त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. ‘संप्रेरक’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळी औषधे आणि किती वेगवेगळ्या स्त्रिया झाकल्या जातात, हे या आकड्यांनी दाखवले.

मार्गही महत्त्वाचा. गोळीतील इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढवते. त्वचेवरील पट्टी किंवा जेलमधून गेलेले इस्ट्रोजेन यकृताची ही पहिली फेरी टाळते. फ्रान्समधील अभ्यासांत त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळ्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. योनिमार्गात वापरायच्या अल्प मात्रेच्या मलमातून रक्तात फारच थोडे औषध जाते, म्हणून त्याचा धोका गोळीच्या धोक्याशी एकाच मापाने तोलणे चुकीचे होते.

आजची सावधगिरी

या इतिहासातून तयार झालेले नियम आता बऱ्यापैकी स्थिर आहेत. त्रासदायक लक्षणे असलेल्या निरोगी स्त्रीने साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक असतो. केवळ हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हे औषध घेऊ नये. स्तनाचा किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा अन्य कर्करोग, कारण न समजलेला योनीतून रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा सक्रिय आजार असलेल्या स्त्रियांना सर्व शरीरात पोहोचणारे इस्ट्रोजेन सहसा दिले जात नाही. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, कुटुंबातील आजारांचा इतिहास आणि स्तनांची तपासणी हवी. नंतर वर्षातून एकदा तरी फेरविचार. रजोनिवृत्तीनंतर झालेला कोणताही रक्तस्राव, औषध चालू असो वा नसो, तपासून घ्यायलाच हवा. पायाला एका बाजूने सूज, अचानक धाप, छातीत दुखणे, बोलण्यात अडखळणे यांपैकी काही झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

भीतीचीही किंमत असते, आणि ती महाराष्ट्राला चांगली ठाऊक असायला हवी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणीतील सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. अनेकींनी चाळिशीही गाठली नव्हती. गर्भाशयासोबत बीजांडकोश काढले गेले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडे व हृदय यांची झीज कित्येक वर्षे आधी सुरू होते. विरोधी कारण नसेल तर अशा तरुण स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक देणे हीच प्रचलित वैद्यकीय शिफारस आहे. ६३ वर्षांच्या स्त्रियांवरून काढलेला इशारा तिला लागू पडत नाही. तिच्या शरीरात नैसर्गिकपणे जे असायला हवे होते, तेच तिला परत दिले जात असते. पण शस्त्रक्रियेच्या आधी हे तिला सांगितले जाते का, आणि नंतर तिची विचारपूस कोण करते, हे प्रश्न औषधशास्त्राच्या बाहेरचे आहेत.

कलकत्त्यातील दोन्ही कहाण्यांकडे पुन्हा पाहिले, तर चूक एकाच जागी सापडते. मुखोपाध्याय यांच्या समितीने नोंदी वाचण्याची पात्रता नसताना निकाल दिला. ईपीच्या बाबतीत नोंदी समोर असताना निकाल लांबत गेला. पहिली चूक एका शास्त्रज्ञाला भोवली. दुसरी ज्यांची नावेही नोंदली गेली नाहीत अशा स्त्रियांना. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली ती कुणीतरी मूळ कागद उघडून, जाणकारांसमोर आणि जाहीरपणे तपासला तेव्हा. १९७५ आणि २००२ चे धक्के, आणि २००२ च्या भीतीला नंतर घातलेला आवर, यांचीही रीत हीच होती.

हा इतिहास दवाखान्यात वापरता येतो. रजोनिवृत्तीचे औषध लिहून दिले जात असताना स्त्रीने किंवा तिच्या घरच्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात आणि चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात : संप्रेरक कोणते, मात्रा किती, गोळी की पट्टी, गर्भाशय असल्यास सोबत प्रोजेस्टेरॉन आहे काय, आणि फेरतपासणीची तारीख कोणती. त्यांतील एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात नेण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावी.